सोनबाचं नामांकन आणि पाचवा रकाना

बुधवार, ७ जानेवारी

उद्या दुपारी बारा वाजता रुपेरी मोहोर पुरस्कारांची नामांकनं जाहीर होणार. माझी यादी तयार आहे. आठ विभाग, प्रत्येकी पाच नावं, एकूण चाळीस. पाकीट बंद करून कुलदीपकडे दिलं. कुलदीप आमच्या कारखान्यातल्या तपासणी विभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो आणि दर वर्षी माझं पाकीट सगळ्यांसमोर फोडतो. गेल्या वर्षी चाळीसपैकी चौतीस नावं बरोबर आली होती. त्यानंतर चार महिने कँटीनमध्ये लोक माझ्याशी आदरानं बोलत होते, निदान मला तरी तसं वाटलं.

यंदाचं काम सोपं आहे. ‘सह्याद्रीचा वणवा’ सगळं लुटून नेणार. त्यातला नायक रुद्रसेन घोड्यावरून उतरता उतरता अकरा ओळींचा संवाद एका दमात म्हणतो. मी तो रोज आंघोळ करताना म्हणतो. तनुजाचं म्हणणं, म्हणायचा तर म्हणा पण आधी गीझर बंद करा. बायकोला सिनेमातलं फारसं कळत नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

आमची गुरुवारची साप्ताहिक सुट्टी. अकरापासून टीव्हीसमोर.

‘सह्याद्रीचा वणवा’ला एकही नामांकन नाही. वेशभूषेचंसुद्धा नाही, आणि त्यात चारशे फेटे आहेत.

सहायक अभिनेता या विभागात चौथं नाव: सोनबा बोडके, चित्रपट ‘गेट क्रमांक चार’.

आमचा सोनबा. माझ्या शेजारच्या टेबलावरचा.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, “आपल्या सोनबाचं नाव घेतलं व्हय रं त्या बाईनं?” मी म्हटलं, दुसरा कोणी असेल. तेवढ्यात टीव्हीवर त्याचा फोटो आला. तपासणी विभागाचा निळा शर्ट घातलेला. नामांकनाला पाठवायला या माणसाकडे दुसरा फोटो नसावा.

जेवलो नाही. म्हणजे दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी मेथीची भाजी होती, म्हणून थोडं खाल्लं.

शुक्रवार, ९ जानेवारी

पाकीट फोडलं. चाळीसपैकी सहा. कुलदीपनं ते मोठ्यानं वाचलं, दोनदा.

पण आज कोणाला माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. सोनबाच्या गळ्यात हार. मॅनेजरसाहेब खाली उतरून आले. सोनबानं हार काढला, खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि कामाला बसला. दुपारपर्यंत त्यानं गिअरच्या दोन पेट्या नापास केल्या. प्रत्येक गिअर हातात घ्यायचा, नखानं टिचकी मारायची, कानाशी धरायचा, मान हलवायची. सव्वीस वर्षं हेच. आम्ही दोघे एकाच आठवड्यात लागलो. गेली अकरा वर्षं मी अहवाल तयार करतो, टेबलावरच्या लाल फोल्डरमध्ये ठेवतो, सोनबा तो तपासतो, हिरव्या शाईनं सही करतो आणि कागद पाकिटात घालून रवाना करतो. एक रकाना रिकामा असला तरी कागद परत येतो. एकदा माझ्या रजेच्या अर्जावर “कारण अपुरे” असं लिहून परत पाठवला होता.

आता अभिनयाचं. कामगार नाट्यस्पर्धेत आमच्या कंपनीचं नाटक अठरा वर्षं होतंय. अठरा वर्षं मी नायक. दोनदा उत्तेजनार्थ. सोनबा विंगेत वही घेऊन उभा राहतो आणि मी अडखळलो की पुढचा शब्द सांगतो. पडदाही तोच ओढतो. रंगमंचावर त्यानं आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही, साफ करायला सोडून.

मी त्याचं अभिनंदन केलं. म्हणाला, “मला काय कळतंय त्यातलं, रणजीतराव. तुमचंच हाय सगळं.” तो सगळ्यांनाच अहो-जाहो करतो, मशीनलासुद्धा.

सोनबाला हे काम कसं मिळालं, हा वेगळा विषय आहे. तो इथं लिहायची गरज नाही.

रविवार, ११ जानेवारी

अर्धी रजा टाकून, आईला आणि तनुजाला घेऊन, पिंपरीत ‘गेट क्रमांक चार’ बघितला. निष्पक्षपणे बघायचं असं ठरवून गेलो होतो.

निष्पक्ष मत असं. बंद पडलेल्या कारखान्याचा वॉचमन. एकूण सात मिनिटं. एक अक्षर बोलत नाही. पाळी सुटायची वेळ झाली की उठतो, गेट उघडतो, बाजूला उभा राहतो. कोणीच बाहेर येत नाही. थोडा वेळ थांबतो, गेट लावतो, कुलुपावर नखानं टिचकी मारतो, कान देतो, मान हलवतो. आता यात अभिनय कुठला? हे तर तो रोज माझ्या शेजारी बसून करतो. मग मलाही रोजचे अहवाल लिहिल्याबद्दल नामांकन द्या.

आई सिनेमाभर बोलत असते, हे अख्ख्या भोसरीला ठाऊक आहे. कोण कोणाची सून, हा मागच्या सिनेमात मेला होता ना, सगळं. सोनबाच्या त्या सात मिनिटांत ती एक शब्द बोलली नाही. तिला झोप लागली असावी. तनुजा म्हणाली, डोळे उघडे होते. काहींची झोप तशी असते.

आईनं येताना रिक्षात पदर नाकाला लावला होता. धूळ फार झाली आहे रस्त्याला.

सोमवार, १२ जानेवारी

वहीशी खोटं बोलून उपयोग नाही, म्हणून लिहितो.

ती भूमिका माझी होती. दिग्दर्शिका मिनल आमच्याच कंपनीतल्या एका निवृत्त कामगाराची मुलगी. लहानपणापासून आमची नाटकं बघत आली. गेल्या वर्षी घरी आली आणि म्हणाली, “काका, माझ्या पहिल्या सिनेमात वॉचमन तुम्हीच.” मी पेढे वाटले. मग कागद वाचले. एकही संवाद नाही. मी दोनदा उलटून बघितले, मागच्या बाजूला असेल म्हणून. शूटिंगच्या आदल्या दिवशी मी सोनबाला म्हटलं, माझी कंबर धरली आहे, तू जाऊन उभा राहा, नुसतं गेट उघडायचं आहे. तो गेला. माझी कंबर उत्तम होती.

तेव्हा पुरस्कार समितीला कळवणं हे माझं कर्तव्यच ठरतं. नियमावलीत नववं कलम आहे: कलाकार बदलला असेल तर मूळ कलाकाराची लेखी संमती जोडावी. माझी लेखी संमती कोणीही घेतलेली नाही.

पत्र कसं लिहावं कळेना. शेवटी हाताशी असलेला फॉर्म घेतला. माल खराब निघाला की आपण जो भरतो, तोच. खोट काय, कुठे सापडली, आणि खाली पाच ‘का’. मुळाशी जाईपर्यंत पाच वेळा का विचारायचं, ही पद्धत सगळ्या जगात मानतात. समितीलाही शिस्त कळू दे.

खोट: सहायक अभिनेत्याच्या जागी चुकीचा भाग बसला आहे.
१. सोनबाला नामांकन का मिळालं? कारण ती भूमिका त्यानं केली.
२. त्यानं का केली? कारण मूळ कलाकार (मी) गेला नाही.
३. तो का गेला नाही? कारण भूमिकेत संवाद नव्हते.
४. संवाद नव्हते म्हणून का नाकारली? कारण संवादाशिवाय अभिनय होत नाही.
५. का होत नाही?

पाचव्यावर पेन टेकवलं आणि गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला आली. धावपळ झाली. सही तेवढी करून फॉर्म आणि पत्ता घातलेलं पाकीट समोर ठेवून पळालो. पाचवा का नसला तरी बिघडत नाही. चारांत मुद्दा आला आहे.

मंगळवार, १३ जानेवारी

सकाळी टेबलावर बघतो तर लाल फोल्डर रिकामा. फॉर्मही नाही, पाकीटही नाही. रवाना झालं. मी येताना स्वतः कुरिअरकडे देणार होतो, तेवढा हेलपाटा वाचला. आपल्या विभागाची शिस्त म्हणजे शिस्त.

आज भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि खेंगट. छान जेवलो.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सोनबानं सगळ्यांना घरचा तिळगूळ वाटला. मला दोन्ही हातांनी दिला. सगळे देताना जे म्हणतात ते काही तो म्हणाला नाही, नुसतं बघितलं. आहेच तो अबोल. लाडू थोडा कडक होता.

गुरुवार, २२ जानेवारी

दुपारी सोनबा घरी आला. कार्यक्रमाचे दोन पास आहेत. “एक तुमचा,” म्हणाला. मी म्हटलं, वहिनींना ने. म्हणाला, “तिला मी इचारलं. ती म्हनली, रणजीतरावांमुळं झालं, त्यांनाच न्या.”

आईनं त्याला जेवायला बसवून घेतलं. त्यानं पिंपरी कॅम्पातून कोट शिवून घेतला आहे, आयुष्यातला पहिला. नाव पुकारलं तर काय बोलायचं, तेवढं लिहून द्या, असंही म्हणाला. मी लगेच बसलो. चार पानं झाली. गुरुजन, रंगभूमी, कामगारांचा घाम, सगळं आलं आहे. तनुजानं वाचलं आणि माझं नाव त्यात नऊ वेळा आहे असं सांगितलं. संदर्भासाठी आवश्यक होतं. सोनबानं घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, “तुमी लिवलंय म्हंजे बराबर आसंल.”

तो गेल्यावर मला जरा अस्वस्थ वाटलं. भात जास्त झाला असेल.

मंगळवार, २७ जानेवारी

मिनलचा फोन.

“काका, समितीनं सोनबाकाकांचं नामांकन थांबवलंय.”

मी म्हटलं, “अरेरे.”

“काका, फॉर्मवर तुमची सही आहे.”

ती भांडलीही नाही, तेच वाईट. शनिवारपर्यंत मूळ कलाकाराची लेखी संमती पोचली तर नामांकन राहील, नाहीतर रद्द होऊन तसं जाहीर करतील, इतकंच तिनं सांगितलं. “सोनबाकाकांना मी अजून काही कळू दिलेलं नाही. तुम्हीच बघा काय करायचं ते.”

तनुजा पिंपरीच्या दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटीवरून आली, तेव्हा तिला सांगितलं. मी म्हटलं, मी फक्त फॉर्म भरला. ती म्हणाली, “अठरा वर्षं ज्यानं तुम्हाला शब्द पुरवले, त्याला एक शब्द तुम्हाला देता येत नाही?” आणि आत गेली.

आईला काहीच सांगितलेलं नाही. तरी तिनं आज वाढताना माझ्या ताटात लोणचं वाढलं नाही. घरात भिंतींना कान नाहीत, आईला आहेत.

संमती लिहायला दोन ओळी लागतात. तासभर बसलो. पहिली ओळ झाली की वाटतं, आयुष्यात एकदा मला घरी येऊन भूमिका दिली होती, ती मीच सोडली, हे मी सही करून मान्य करतोय. दुसरी ओळ होत नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

सगळं कबूल करायचं असं ठरवून सोनबाच्या गावाला, माणला गेलो. सोनबाचं घर जुन्या गावठाणात, वर बघितलं की आयटीच्या काचेच्या इमारती. तो अंगणात कोट घालून उभा होता आणि वहिनी बाही बघत होत्या. सोनबाची मान कॉलरमध्ये नवीन वाटत होती.

“खांदा जरा सैल हाय का?” त्यानं मला विचारलं.

मी तीन बाजूंनी बघितलं. मापाच्या बाबतीत मी खोटं बोलू शकत नाही. अर्धा सेंटिमीटर सैल होता, तसं सांगितलं. मग चहा झाला, गिअरचा विषय झाला, नवीन मॅनेजरचा झाला. कबुली राहिली. निघताना वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुमी संगं हाय म्हनून मला घोर न्हाई.”

बसमध्ये उभ्यानं आलो. जागा होती.

शुक्रवार, ३० जानेवारी

तक्रार मागे घ्यायची तर मूळ कागदाचा क्रमांक लागतो. म्हणून विभागातली रवाना कागदांच्या प्रतींची फाइल काढली. माझा फॉर्म त्यात रीतसर लावलेला होता.

तयार करणारा: माझी सही.

तपासणारा: सोनबाची सही. हिरवी शाई. १२ जानेवारी, संध्याकाळी पाच चाळीस.

मी खुर्चीवर बसलो. लाल फोल्डर. अकरा वर्षं मी त्यात जे ठेवतो ते सोनबा वाचतो. त्या दिवशी घाईत मी हात नेहमीच्या जागी नेला आणि सोनबाविरुद्धची तक्रार सोनबाकडेच तपासायला ठेवून पळालो.

त्यानं सगळी तपासली होती. शूटिंगची तारीख मी १३ मार्च लिहिली होती, ती खोडून १४ केली होती. नवव्या कलमाचं पान मी चुकीचं टाकलं होतं, तेही दुरुस्त. माझी बाजू त्यानं माझ्यापेक्षा पक्की करून दिली होती. आणि पाचव्या ‘का’समोर लिहिलं होतं: “रकाना रिकामा. डेव्हिएशनवर पास.” मालात बारीक खोट असते पण चालवून घ्यायचं ठरतं, तेव्हा आम्ही हा शेरा मारतो. सोनबानं सव्वीस वर्षांत तो एकदाही मारलेला नव्हता.

म्हणजे तिळगूळ देताना त्याला माहीत होतं. पास घेऊन आला तेव्हा माहीत होतं. माझं नाव नऊ वेळा असलेलं भाषण त्यानं माहीत असून खिशात घातलं. मला इतकी लाज वाटली की फाइल बंद करायचंही सुचलं नाही. तो समोरच बसून गिअर वाजवत होता.

“सोनबा, हे तू वाचलंस?”

“तपासायला आलं व्हतं.”

“मग फाडून टाकायचं. पाठवलंस कशाला?”

“माज्याबद्दलचा कागद मीच आडवायचा?” तो गिअर खाली ठेवून म्हणाला. “उद्या कुनी इचारलं तर काय सांगायचं, रणजीतराव?”

“आणि रिकामा रकाना? तू तर माझा रजेचा अर्ज सोडला नव्हतास.”

“तुमी भराल म्हनून सोडला.”

राग नाही, टोमणा नाही. वाईट वाटलं होतं का, असं मी विचारलं. त्यानं गिअर परत उचलला. “वाटलं की. त्या दिशी डबा तसाच घरी नेला. पन तुमचं चार का बराबर हायेत. भूमिका तुमचीच व्हती.”

मी तिथंच कोरा फॉर्म घेतला. तक्रार मागे घेतो, संमती आहे, हे दोन ओळींत झालं. मग पाचवा ‘का’. संवादाशिवाय अभिनय का होत नाही? अर्धा तास गेला. शेवटी लिहिलं: “होतो. मला जमत नाही. मी गप्प उभा राहिलो तर माझ्याकडे कोणी बघणार नाही, अशी मला भीती वाटते. सोनबाला वाटत नाही. म्हणून ती भूमिका त्याची आहे.”

लाल फोल्डरमध्ये ठेवलं. सोनबानं काढलं, सावकाश वाचलं. कागदाला नखानं टिचकी मारून कान दिला. कागदातून काय ऐकू येतं ते त्यालाच माहीत. मग हिरवी सही केली, आणि शेरा काहीच मारला नाही.

या वेळी कुरिअरकडे मी स्वतः गेलो. समितीच्या दारात आजच पोचवतो असं कुरिअरवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, तरी मी संध्याकाळी दोनदा फोन केला.

शनिवार, ३१ जानेवारी

मिनलचा निरोप: मिळालं, नामांकन कायम. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला ठावं हाय,” आणि लोणच्याची बरणी पुढं सरकवली.

शनिवार, १४ फेब्रुवारी

चिंचवडचं नाट्यगृह, तिसरी रांग. सोनबा कोटात, मी लग्नातल्या सफारीत. खांदा त्यानं अर्धा सेंटिमीटर आत घेतला होता. आता चोख बसला होता.

सहायक अभिनेत्याचा पुरस्कार दुसऱ्यालाच मिळाला. मी उठून निषेध करणार होतो, सोनबानं हात धरून खाली बसवलं. मग पाचही जणांना वर बोलावून एकेक मानचिन्ह दिलं, पितळी दिसणारं, मोहोराच्या आकाराचं. बाकीच्या चौघांनी दोन-दोन मिनिटं भाषण केलं. सोनबापुढे माइक आला. माझी चार पानं त्याच्या खिशातून डोकावत होती. मी ओठांवर पहिलं वाक्य तयार ठेवलं. अडखळला तर सांगायला.

तो काहीच बोलला नाही. माइकपुढे नुसता उभा राहिला. सभागृहात आधी खुर्च्या वाजल्या, मग त्याही थांबल्या. हजारभर माणसं त्याच्याकडे बघत होती आणि मीही बघत होतो. मग त्यानं सवयीनं मानचिन्हाला टिचकी मारली, कानाशी धरलं, मान हलवली आणि खाली उतरला. टाळ्या मला तरी फार वेळ ऐकू आल्या. त्यातल्या बऱ्याच माझ्याच होत्या, तळहात अजून लाल आहेत.

तो शेजारी येऊन बसला आणि मानचिन्ह माझ्या हातात दिलं.

“आतनं पोकळ हाय,” हळूच म्हणाला.

मीही टिचकी मारून बघितलं. पोकळच होतं, शिवाय बुडाशी जोड नीट नव्हता.

“मग काय, नापास?”

सोनबानं ते रुमालात गुंडाळलं, माझ्याकडे बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला दात दाखवून हसला.

“न्हाई वो. डेव्हिएशनवर पास.”